कोपऱ्यावर पाय द्यायचा नाही

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की आमचं जुनं गाव वर येतं. गाव म्हणण्यासारखं त्यात आता फार नाही. वासे, कौलं, दारं, चौकटी आम्ही उठलो तेव्हाच वरच्या नव्या गावठाणात नेली. मागे राहिली ती घरांची जोती. काळ्या दगडाच्या दीड-दोन फूट रुंद रांगा, कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे नुसत्या जमिनीलगत. आतली भर केव्हाच वाहून गेली आणि तिच्या जागी गाळ बसला. मेच्या उन्हाने हा गाळ वरून तडकतो, त्याच्या खापऱ्या होतात, आणि हिर्डोशीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला वाटतं, काय छान मैदान आहे, क्रिकेट खेळावं. प्रत्यक्षात तो गाळ वरची चार बोटंच कोरडा असतो.

मुलं तिथे दगड का माती खेळतात. खेळ सगळीकडचाच आहे. ज्याच्यावर राज्य येतं त्याला बाकीचे विचारतात, दगड का माती? तो म्हणाला माती, की माती त्याची झाली. मग बाकीच्यांनी दगडावर राहायचं. ज्याचा पाय मातीला लागेल त्याला तो धरणार. भोरच्या गल्ल्यांत या खेळासाठी मुलांना दगड शोधावा लागतो, नाहीतर कुणाच्या तरी पायरीवर चढावं लागतं. आमच्या मुलांना अख्खं गावच दगडांच्या रांगांचं मिळालेलं. त्या रांगांवरून ती एका घरातून दुसऱ्या घरात पळतात. ज्या घरांत आम्ही जन्मलो, ती त्यांनी फक्त पायाखालून ओळखलेली आहेत. आम्ही मोठी माणसं त्यांना तिथे जाऊ देत होतो त्याचं कारण सरळ होतं. दगडावरचं पोर रुतत नाही. खेळाचा नियम आणि आईबापाचा नियम एकच होता, त्यामुळे ओरडायची वेळ कधी आली नव्हती.

मुलांनी त्यात आपला एक नियम घातला होता. कोपऱ्यावर पाय द्यायचा नाही. भिंत संपत आली की कोपरा टाळून तिरपी उडी मारायची आणि पुढच्या भिंतीवर उतरायचं. मी एकदा माझ्या मुलीला विचारलं, हे कशासाठी?

"तसंच असतंय, पप्पा."

"पण कुणी ठरवलं?"

"कुणी न्हाई. तसंच."

ती तेव्हा पाचवीला होती. मुलांच्या खेळांत असे नियम असतातच, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

मी भोरला लाकडाच्या वखारीत कामाला आहे. ओंडक्याचा घेर घ्यायचा, लांबी घ्यायची, घनफूट काढायचे. वीस वर्षं हेच केल्यामुळे टेप खिशात नसला तर मला चप्पल न घातल्यासारखं वाटतं. घरच्यांना याचा वैताग आहे. बायको म्हणते, यांना जेवायला वाढलं तर भाकरीचापण घेर घेतील. त्यामुळे शाळेच्या बाईंनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्या गावाचा नकाशा करायला सांगितला, तेव्हा मला माझीच सुट्टी लागल्यासारखं झालं.

या बाई सगळं दगडांवर शिकवतात. पहिलीची मुलं खडे मोजतात, दुसरीची मुलं नदीचा गुळगुळीत गोटा एका ढिगात आणि डोंगराचा खडबडीत दुसऱ्या ढिगात लावतात, तिसरीची मुलं तराजूत दगडाला दगड घालून जड-हलकं बघतात. गावात लोक म्हणायचे, बाईंना खडू परवडत नाही वाटतं. पण पोरं शाळेत जायला रडत नव्हती हेही लोक बघत होते. नकाशासुद्धा कागदावर नको, शाळेच्या पटांगणात दगडांनी मांडायचा, असं त्यांनी सांगितलं. प्रत्येक घर छोट्या दगडांच्या चौकटीने दाखवायचं. मुलांनी पावलांनी मोजून तीन-चार घरं मांडलीही होती, पण प्रत्येकाचं पाऊल वेगळं, त्यामुळे शेजारशेजारची घरं एकमेकांत घुसली होती. मी ते पाहिलं आणि मला राहवेना. म्हटलं, रविवारी मी येतो टेप घेऊन.

त्या रविवारी उत्रोलीला भावकीतलं लग्न होतं. गावातली बहुतेक मोठी माणसं टेम्पोत बसून तिकडे गेली होती, बायकोही गेली होती. मी मापं घ्यायची म्हणून मागे राहिलो. माझी मुलगी, शेजारच्यांची आठवीतली थोरली, तिचा धाकटा भाऊ आणि आणखी तीन-चार पोरं, एवढे आम्ही उतरून गेलो. सकाळभर काम चांगलं झालं. मुलगी टेपचं टोक धरायची, मी वाचायचो, थोरली वहीत लिहायची. ऊन तापलं तशी पोरं कंटाळली आणि खेळायला लागली. मला म्हणाली, आता पुरे. मी म्हटलं, आपलं घर राहिलंय, ते करतो आणि जाऊ.

आमचं जुनं घर चार खणांचं होतं. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आमच्या भागात साधारण पाच फूट. म्हणजे लांबीला वीस फूट आणि भिंतींची जाडी. हे मला वडिलांनी सांगितलेलं, आणि लहानपणी मी त्या घरात वाढलेलो, तेव्हा शंका घ्यायचं कारण नव्हतं. समोरच्या बाजूची भिंत तीन खणांपर्यंत उघडी दिसत होती. पुढे तिच्यावर गाळाचा पातळ थर होता. मी भिंतीवरून चालत गेलो. गाळाखालीही पायाला दगड लागत होता. मनात हिशेब चालू होता, अजून एक खण, की कोपरा, की तिथून भिंत मागे वळणार. कोपऱ्याची जागा कुठे आहे हे मला टेपशिवाय माहीत होतं. मी तिथे पाय टाकला.

पायाखाली काहीच नव्हतं.

उजवा पाय मांडीपर्यंत गेला. मी पुढे पडलो, सावरायला डावा पाय ओढला तर तोही गाळात, आणि मागे वळायचा प्रयत्न केला तर दोन्ही आणखी खाली. शेवटी स्थिर झालो तेव्हा गाळ कमरेला लागला होता आणि धडपडीत मागची भिंत माझ्यापासून एक खण लांब राहिली होती. वरून ऊन भाजत होतं, खाली पाय गारठले होते. एक पाय उचलायला दुसऱ्यावर जोर द्यावा, तर दुसरा रुतत होता. हातांनी दाबून वर यावं, तर हात कोपरापर्यंत आत जात होते. माणसाला उठायला काहीतरी घट्ट लागतं, ही गोष्ट आपण कधी लक्षात घेत नाही. मला दाबायला जगात काही उरलं नव्हतं.

"काका, तुमी कोपऱ्यावर पाय दिला," शेजारच्यांची थोरली म्हणाली, तक्रार केल्यासारखं.

"व्हय, दिला."

"द्यायचा नसतोय."

"कळलं आता."

आणि तेव्हा खरंच कळलं. गाव उठलं तेव्हा प्रत्येकाने आपल्या घराचे कोपऱ्याचे दगड काढून नेले होते. जोत्यात सगळ्यांत मोठे आणि नीट घडवलेले दगड कोपऱ्याला असतात, बाकीची भरण साध्या दगडांची. नवं घर बांधायला कोण साधा दगड वाहून नेईल? आमच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी ट्रॅक्टरमधून आणलेले दगड आमच्या ओट्याच्या पायरीला आहेत. मी रोज सकाळी त्यांच्यावर बसून बूट घालतो आणि भोरला जातो. ते दगड कुठून आले हे मला माहीत होतं. घर चार खणांचं होतं हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकत्र मांडायचं मात्र सुचलं नव्हतं. पोरांना कारण माहीत नव्हतं. कोपऱ्यावर कुणीतरी कधीतरी रुतलं असेल आणि नियम तेवढा राहिला असेल.

मी रुतलो याची मला सुरुवातीला भीती वाटली नाही. गाळ कमरेला येऊन थांबला होता. मी हललो नसतो तर तो आणखी वर येणार नव्हता. भीती वाटली ती मुलीकडे बघून. ती भिंतीच्या अगदी टोकाला आली होती, जिथे पायाखालचा दगड संपून नुसता गाळ सुरू होतो, आणि तिने एक पाय पुढे केला होता.

"मागं हो!"

"पप्पा, हात द्या."

"मागं हो म्हनतो ना! हितं पोचत न्हाई हात. मागं!"

ती मागे झाली नाही. पाय तेवढा आखडता घेतला. मी कमरेपर्यंत रुतलो होतो, म्हणजे ती छातीपर्यंत रुतली असती. नंतर मी हा हिशेब पुष्कळदा केला आहे, पण तेव्हा तो करावा लागला नाही, दिसलाच. तिच्या मागे बाकीची पोरं गोळा होत होती. सगळ्यांना मदत करायची होती. त्यांतलं एकही दगडावरून खाली उतरलं तर मला त्याच्याकडे नुसतं बघत राहावं लागलं असतं.

मोबाईल खिशात होता, पण त्या खोलगटात रेंज येत नाही. आमचे चुलते, तात्या, तेवढे लग्नाला गेले नव्हते, वरच्या माळावर म्हशी घेऊन होते. मी थोरलीच्या भावाला सांगितलं, भिंतीभिंतीने काठापर्यंत जा आणि तात्यांना हाक मार. तो गेला. आता बाकीच्यांना जागच्या जागी ठेवायचं होतं. ओरडून काही होत नव्हतं. मी ओरडलो की ती आणखी पुढे सरकत होती, मला जास्त दुखतंय असं त्यांना वाटत असावं. तेव्हा मला जे सुचलं ते मी केलं.

"ऐका रे," मी म्हटलं. "राज्य माझ्यावर हाय. माती माझी."

मग एकजण हसलं.

"काका खेळत्यात!"

"व्हय. माती माझी. ज्याचा पाय मातीला लागंल तो बाद. घरी जायचं त्यानं."

"पन तुमाला पळता कुठं येतंय?" थोरली म्हणाली. "तुमी आमाला धरणार कसं?"

"ते माझं मी बघतो. बाद म्हंजी बाद."

ती सगळी मागे सरकली. बापाने, काकाने सांगून जे झालं नव्हतं ते राज्याने झालं. मुलगीही एक पाऊल मागे गेली. आता तात्या येईपर्यंत गप्प उभं राहायचं, एवढंच काम होतं. गाळात उभं राहणं म्हणजे उभं राहणंही नव्हे, बसणंही नव्हे. पायांची बोटं हलवली तरी गाळ ती परत दाबून धरत होता. हळूहळू पाय माझे आहेत की नाहीत हेही कळेनासं झालं.

मुलगी विचार करत होती. तिचा विचार चालू असला की ती खालचा ओठ दाताखाली धरते. मला ते आवडत नाही, कारण त्यानंतर ती जे बोलते ते मला बहुधा करावं लागतं.

"पप्पा, मातीवर दगड टाकला तर ती माती ऱ्हाती का?"

"म्हंजी?"

"म्हंजी मातीवर दगड टाकला. मी त्या दगडावर हुबी. तर मी कुठं?"

"दगडावर," थोरली लगेच म्हणाली. "बाद न्हाई."

"न्हाईच बाद," दुसरं कुणीतरी म्हणालं.

"असं चालत न्हाई," मी म्हटलं.

"का चालत न्हाई? लगोरीची ठिकरी टाकून त्याच्यावर हुबं ऱ्हायलेलं चालतंय आमच्यात."

मी काही बोलायच्या आत त्यांनी पडक्या भिंतीचे सुटे दगड उचलायला सुरुवात केली होती. नियम मीच घातला होता, आणि आता तो मोडायला माझ्याकडे दुसरा नियम नव्हता. पहिला दगड मुलीने भिंतीच्या टोकाशी टाकला. तो डुबुक करून दिसेनासा झाला. दुसराही गेला. मला वाटलं, आता कंटाळतील. तिसरा अर्धा वर राहिला.

मग मी ठरवलं. अडवता येत नाही, तर निदान ते नीट तरी व्हावं. रस्ता करताना दलदलीत आधी दगडांचं सोलिंग भरतात, तेच हे होतं. लहान दगड खाली जातात, पण जात जात खालचा गाळ दाबतात, आणि वर मोठा चपटा बसतो. मी सांगायला लागलो. लहान नको, चपटा आण. उभा टाकू नको, आडवा ठेव. त्याच्यावर दुसरा, सांध्यावर. आणि माझ्याजवळ एकसुद्धा टाकायचा नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण पायांच्या आजूबाजूला दगड पडले असते तर ते पाचरीसारखे बसले असते आणि मग मला म्हशीच्या बळानेही कुणी उपटू शकलं नसतं. प्रत्येक दगड ठेवला की मी म्हणायचो, आधी हातानं दाब. हातानं हालतो का? मग पायानं. एकच पाय. दुसरा मागच्यावर.

पोरं भिंतीवर रांगेने उभी राहून दगड हातोहात पुढे देत होती. सगळ्यांत पुढे मुलगी. मी म्हटलं, थोरलीला पुढं होऊ दे, ती उंच आहे. थोरली म्हणाली, मी जड आहे, हिच्या दुप्पट. ते बरोबर होतं. मला ते नाकारता आलं नाही याचा राग आला. वखारीत मी माणसांना सांगतो की ओंडका बघून बोलू नका, माप घेऊन बोला. इथे माप घेतलं की माझीच पोर पुढे येत होती.

ती दगडादगडाने माझ्याकडे येत राहिली. ती जितकी जवळ येत होती, तितकं मला वाटत होतं की तिने परत जावं. तिच्या पायाखालचा प्रत्येक दगड जरासा बसायचा, बाजूने गाळ वर यायचा आणि ती हात पसरून थांबायची. तिच्या चेहऱ्यावर घाबरल्याचं काही नव्हतं. खेळताना असतो तसा चेहरा होता. माझ्या छातीत मात्र तो प्रत्येक दगड खचत होता. मला पळता येत नव्हतं, हात पोचत नव्हता, आणि माझं तोंड तिला पुढे येण्याच्याच सूचना देत होतं.

हाताच्या अंतरावर ती आली तेव्हा चपटे दगड संपले. मागे थोरलीला एका घराच्या जोत्यात जात्याची खालची तळी सापडली, एका बाजूने फुटलेली. ती जड होती, पण गोल होती. दोघा-तिघांनी ती भिंतीवरून गाड्याच्या चाकासारखी गडगडत आणली, फुटक्या बाजूवर आपटत, थांबत. मग दगडांवरून आडवी सरकवत मुलीपर्यंत. मुलीने ती माझ्यापुढे ढकलली. बसली. गाळ तिच्या कडेने वर आला आणि थांबला.

"आता दाबा, पप्पा."

मी दोन्ही तळवे तळीवर ठेवले आणि दाबलं. ती बोटभर खचली, पण दाब परत आला. इतक्या वेळानंतर कशाने तरी मला उलटा दाब दिला होता. मी छाती तिच्यावर टेकवली आणि उजवा पाय हलवायला लागलो, ओढायचा नाही, नुसता हलवायचा, म्हणजे भोवती पाणी शिरतं. गाळाने चप्पल ठेवून घेतली आणि पाय सोडला. गुडघा वर आला.

तेवढ्यात मुलीच्या पायाखालचा दगड कलंडला.

तिचा एक पाय पोटरीपर्यंत गाळात गेला आणि ती माझ्या बाजूला झुकली. मी नुकताच सुटलेला पाय परत खाली टाकला, त्याच्यावर जोर दिला, आणि तिला काखेत धरून तळीवर ढकललं. ती तळीवर गुडघ्यांवर पडली. मी पुन्हा मांडीपर्यंत गेलो. आता ती माझ्यासमोर होती, तळीवर, आणि तिच्या मागचे दगड हलले होते. आम्ही दोघं दोन फुटांवर होतो आणि दोघांनाही मागे जाता येत नव्हतं.

"मी बाद का?" तिने विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं. "मी ढकललं. माझी चूक धरतात."

"मग रडू का?"

"रड की. पन हालू नको."

ती रडली, न हलता. मी तिची मनगटं धरून ठेवली. मागे भिंतीवर थोरली पोरांना पुढे येऊ देत नव्हती. हात आडवे करून उभी होती आणि म्हणत होती, कुणी यायचं न्हाई, माती काकाची हाय. आम्ही असे किती वेळ होतो ते मला सांगता येणार नाही. एरवी मी सांगितलं असतं.

मग तात्यांचा आवाज आला. ते भिंतीवरून काठी टेकत येत होते, खांद्यावर म्हशीचा कासरा, आणि येता येता बोलत होते.

"म्हस बी इतकी आत जात न्हाई रं. तिला कळतंय. टेप टाकून बघत व्हतास का किती खोल हाय?"

"तात्या, आधी हिला घ्या."

"घेतो. तू बोलू नको. तू मापं घे."

त्यांनी आधी थोरलीकडून मागचे दगड परत बसवून घेतले, मग कासऱ्याचा फास माझ्याकडे फेकून तो मुलीच्या काखेतून घालायला सांगितला. दोरी ताणून धरली आणि ती चारपायी सरकत परत गेली. भिंतीवर पोचल्यावर थोरलीने तिला ओढून जवळ घेतलं. त्यानंतर मला. मला जरा जास्त वेळ लागला. तळीवर पोट टेकवून, कासरा काखेत, पोरं आणि तात्या ओढणारे. मी बाहेर आलो तेव्हा लेंगा फाटला होता आणि पायांना मुंग्या आल्या होत्या. तात्या म्हणाले, "लग्नाला गेला असतास तर जिलेबी खाल्ली असतीस."

संध्याकाळी टेम्पो परत आला तेव्हा गावाला सगळं कळलेलं होतं. कापूरहोळपर्यंत पोचलं असेल असं मला वाटतं. घरात आल्यावर बायकोने एकच विचारलं.

"अवो, ती गाळात उतरली व्हती का?"

"पोटरीपर्यंत. दगड कलंडला."

तिने मुलीचा वाळल्या चिखलाने माखलेला पाय हातात घेऊन बघितला.

"परत न्हाई जायाचं तिनं."

मी हो म्हटलं. तिने म्हटलं नसतं तर मीच म्हटलं असतं.

पुढच्या काही दिवसांत तात्यांनी आणि थोरलीच्या वडिलांनी प्रत्येक घराच्या रिकाम्या कोपऱ्याजवळ दगडांचा छोटा ढीग रचून त्याला चुना लावला. ते ढीग काठावरून दिसायचे. मुलं पुन्हा खेळायला जाऊ लागली. शाळेच्या पटांगणातला नकाशाही पुरा झाला. घरांचे कोपरे मुलांनी रिकामे सोडले होते, आणि बाईंनी ते तसेच राहू दिले. मला पटांगणात बोलावून बाईंनी विचारलं, माप बरोबर आहे का? मी बघितलं. बरोबर होतं.

माझी मुलगी मात्र घरीच होती. ओट्यावर बसून पाच खडे खेळायची. एक वर उडवायचा, खालचे उचलायचे, वरचा झेलायचा. ओट्यावरच्या पत्र्याखाली दुपारी तो खडखड आवाज फार येतो. खालून पोरांचा ओरडा ऐकू आला की तिचा हात वरच थांबायचा, खडा खाली पडायचा, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी वखारीतून येऊन बघायचो, ती तिथेच. मी मनाशी पुष्कळ मांडणी केली. कोपऱ्यांना खुणा आहेत. ती दगडावरून चालायला माझ्यापेक्षा पक्की आहे. ती रुतली ती माझ्यामुळे, खेळामुळे नाही. सगळ्या बाजू एका पारड्यात पडत होत्या, आणि दुसऱ्या पारड्यात फक्त तो एक कलंडलेला दगड होता. तरी पारडं हलत नव्हतं. मी हो म्हणायला तोंड उघडलं की माझे पाय गार व्हायचे.

तिने एकदाही विचारलं नाही. ते मला जास्त लागत होतं. शेवटी एका संध्याकाळी मीच म्हटलं,

"तू इचारत का न्हाईस?"

"काय?"

"खाली जाऊ का म्हणून."

तिने खडा उडवला, झेलला.

"तुमी न्हाईच म्हणणार. मग इचारून काय करू?"

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. बायको ऐकत होती. मग ती आतूनच म्हणाली, "किती दिस धरून ठेवणार आपन तरी." आणि थापणं पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वखारीत कळवलं की उशिरा येतो, आणि मुलीला घेऊन खाली गेलो. पाणी अजून खालीच होतं. काठावर आम्ही थांबलो. बाकीची पोरं आधीच भिंतींवर होती आणि तिला बघून हाका मारायला लागली. तिने माझ्याकडे बघितलं. मी जा म्हटलं. तो शब्द बाहेर काढायला मला जोर लावावा लागला.

ती पहिल्या भिंतीवर चढली आणि चालू लागली. मी काठावरच राहिलो. माझ्याने पुढेही जाववेना आणि मागे वळून रस्त्याकडेही जाववेना. तिच्या पायांकडे बघत होतो. थोडं पुढे जाऊन ती थांबली, मागे वळली, आणि मी हात पुढे करून, एक पाय टाकून, तसाच वाकून उभा आहे असं तिला दिसलं असावं.

"पप्पा," ती ओरडली, "बसा की आता! तुमी असं हुबं ऱ्हायलात की मला चालता येत न्हाई."

मी बसलो.